पहिल्या रात्रीचे पाहुणे

"वृंदा मॅडम, तुमचे पाहुणे रात्री उपाशी झोपले."

गुरवकाकांनी हे इतक्या थंडपणे सांगितलं, की मला वाटलं चार नंबरच्या टेबलाबद्दल काही बोलतायत. गुरवकाका म्हणजे आमच्या हॉटेलच्या रेस्टॉरंटचे कॅप्टन. मी शाळेत जात होते तेव्हापासून ते तिथे लोकांना वाढतायत, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

"कोण उपाशी झोपलं?"

"सगळेच. नऊच्या नऊ. एकेका पापडावर उठले."

"काका, तुम्ही वाढलं नाहीत?"

"विचारलं की. सूप आणू का? नको. बरं, सुरुवातीला काही? नको. जेवणात काय घेणार? तर म्हणाले, आत्ताच घरनं खाऊन आलोय. संपला विषय. तुमचाच नियम आहे, पाहुणा एकदा नको म्हणाला की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मी वही मिटली."

काकांच्या मागे आमचे मॅनेजर भालेराव साहेब कॉफी ढवळत उभे होते. कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं आमचं हॉटेल ते चालवायचे, आणि त्याआधी दुबईत बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटायचं नाही.

"आधीच्या तुकड्या निदान पंधरा दिवस टिकायच्या," ते म्हणाले. "ही तुम्ही एका रात्रीत संपवलीत. प्रगती आहे."

"संपवली म्हणजे?"

त्यांनी चमच्यानेच लॉबीकडे खूण केली. तिथे सोफ्याच्या कडेकडेने माझे नऊ नवे कर्मचारी बसले होते, आणि प्रत्येकाच्या पायाशी भरलेली बॅग होती.

त्या बॅगांचा मी एवढा धसका का घेतला, ते आधी सांगायला हवं. नव्या लोकांना हॉटेलची ओळख करून द्यायची, रीत शिकवायची, त्यांना कामाला लावायचं, ही माझी नोकरी. मी ती पडद्यावर चित्रं दाखवून करायचे. तळघरातल्या हॉलमध्ये दिवे मालवले की आगीचे नियम येईपर्यंत निम्मी मुलं झोपलेली असायची, आणि पंधरा दिवसांत एकेक जण "घरी जरा अडचण आहे" म्हणून निघून जायचा. बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले, तेव्हा भालेराव साहेबांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, की येणारी तुकडी दिवाळीपर्यंत टिकली तर ठीक, नाहीतर ही खुर्ची बंद. मग माझी जागा रिसेप्शनवर, रात्रपाळीला.

तेव्हा माझी जुई आठ महिन्यांची होती. बाटली तोंडात धरायची नाही, माझ्याशिवाय झोपायची नाही. नवरा आठवड्यातले चार दिवस कराडच्या साइटवर. सासूबाईंच्या गुडघ्यांना तिला घेऊन येरझाऱ्या घालणं झेपायचं नाही. रात्रपाळी म्हणजे नोकरी सोडणं, एवढा साधा अर्थ होता.

हे पाहुण्यांचं खूळ माझ्या डोक्यात घातलं तेही सासूबाईंनीच. एका दुपारी मी आमचा नवा कार्यक्रम कसा असावा याबद्दल घरात बडबडत होते. त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "नव्या सुनेला उंबरठा ओलांडल्या ओलांडल्या पोळ्या लाटायला बसवतात होय गं? आधी पाटावर बसवतात, वाढतात. मग दुसऱ्या दिवसापासून काय ते लाटायचंच असतं जन्मभर."

मी हे भालेराव साहेबांपुढे जरा सजवून मांडलं. पहिला दिवस आणि पहिली रात्र नव्या लोकांनी पाहुणे म्हणून राहायचं. दारात सरबत, वर खोली, खाली जेवण. पाहुण्याला कसं वाटतं ते कळल्याशिवाय पाहुण्याला सांभाळणार कसे?

"घरजावई करून घ्यायचेत का त्यांना?" साहेब म्हणाले.

"एकच रात्र, सर. बुधवारी खोल्या रिकाम्याच असतात."

"ठीक आहे. पण मग सगळं नियमानं. आपल्या स्टाफनं त्यांना खरे पाहुणे समजायचं. लाड नाहीत, कमीजास्त नाही."

आणि दुसऱ्यांदा न विचारण्याचा नियम माझाच होता. त्याला इतिहास होता. मागच्या वर्षी दिल्लीच्या एका गृहस्थांना आमच्या मुलांनी प्रेमापोटी तिसऱ्यांदा पांढरा रस्सा वाढला. ते नको म्हणत होते आणि वाटीवर हात धरून होते, त्यामुळे तो रस्सा हातावर वाढला गेला. त्यानंतर मी ते वाक्य पडद्यावर ठळक अक्षरांत घातलं आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतलं.

लॉबीत मी गेले, तसे नऊच्या नऊ उठून उभे राहिले. सगळ्यात पुढे मालनताई सुतार. गारगोटीकडच्या, चाळिशीच्या, खोल्यांच्या कामाला आलेल्या. त्यांच्या शेजारी कागलचा इरफान मुजावर, ज्याला वेटर व्हायचं होतं आणि ज्याने त्यासाठी केस नुकतेच कापून घेतले होते. आणि राधानगरीची विशाखा चौगुले, रिसेप्शनसाठी निवडलेली, घरापासून पहिल्यांदाच बाहेर राहिलेली. बाकीचे सहा जण या तिघांच्या मागे उभे राहून आपण दिसत नाही अशी समजूत करून घेत होते.

"निघालात?" मी विचारलं.

"काय न्हाई, मॅडम," इरफान म्हणाला. "घरी जरा अडचण आहे."

तेच वाक्य. एरवी मी "बरं, काळजी घे" म्हणाले असते. पण त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर रात्रपाळीचा तक्ता होता.

"अडचण कालच्या रात्रीत आली?"

"व्हय."

"नऊ जणांच्या घरी?"

मागून कोणीतरी हसलं आणि ते हसू खोकल्यात बुडवलं. इरफानने मालनताईंकडे पाहिलं. मालनताईंनी पंख्याकडे.

तेवढ्यात भालेराव साहेब कॉफीसकट तिथे पोचले. "हाउसकीपिंगचा फोन होता. वरच्या खोल्यांत रात्री कोणी राहिलंच नाही म्हणतायत. गाद्यांवर एक सुरकुती नाही, बाथरूम पुसून कोरडी ठणठणीत, टॉवेल धुऊन गॅलरीत वाळत घातलेत."

"आमी खाली झोपलो, साहेब," मालनताई म्हणाल्या. "एवढं पांढरं अंथरूण कशाला मळवायचं. आणि आपण वापरल्याला टावेल दुसऱ्याला धुवायला ठेवायचा, हे काय बरं दिसतंय व्हय?"

"ते काम आहे त्यांचं," मी म्हटलं.

"आजपास्नं माझंच होतं की ते. काल केलं तर काय झालं?"

मी मालनताईंच्या समोर बसले. मी बसले म्हणून बाकीचेही बसले, तेवढीच बॅगांपासून नजर हटली.

"ताई, खरं सांगा. भूक लागली म्हणून निघालात?"

"भुकेचं काय? एकादस धरतो की आम्ही. पर मॅडम, राग मानू नका, ह्ये काका एका 'नको'वर वही मिटून गेले. आमच्या दारात बांगड्या विकणारी आली तरी तिला दोनदा इचारतो, चा घेतीस का म्हणून. पहिल्या खेपंला कोण हो म्हणतंय?"

"मग मागायचं ना. पाहुण्या होतात तुम्ही."

"पहिल्याच रात्री?" मालनताई माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी त्यांना चमचे चोरायला सांगितलं होतं. "मागून जेवणारा पावणा कसला?"

"मी तर दोनदा चमचा पाडलो, मॅडम," विशाखा म्हणाली. तिकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि तिच्या तोंडी ते फार गोड लागायचं. "म्हटलं, आवाजानं तरी येतील."

"आलो की," गुरवकाका दुखावल्या आवाजात म्हणाले. "चमचा पडला की नवा चमचा द्यायचा. दोन्ही वेळा दिला."

"चमचा दिलासा. त्या चमच्यानं काय खायाचं, ते न्हाई दिलं," मालनताई म्हणाल्या.

"मी नियमानं वागलो."

"कुणी केला असला नियम?" मालनताईंनी विचारलं.

काकांनी अत्यंत आदराने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांनी. मग सगळ्यांनी.

मी दिल्लीवाल्या गृहस्थांची आणि रश्शाची गोष्ट सांगितली. हसले सगळे, पण बॅगा जागच्या जागी होत्या. हसू ओसरल्यावर इरफान खाली बघत म्हणाला, "मॅडम, माझा मावसभाऊ हितं होता. सलीम. किचनला. आठवतोय?"

आठवत होता. कांदा मशीनपेक्षा बारीक चिरणारा, अबोल.

"तो का गेला, म्हाईत आहे?"

"घरी अडचण होती."

"कसली अडचण? रात्री सुटायचा तवर कागलची शेवटची एसटी गेलेली असायची. चालत जायचा, न्हाईतर ट्रकला हात करायचा. तुम्ही त्याला इचारलं, काय प्रॉब्लेम आहे का? तो म्हणाला, काय न्हाई. तुम्ही म्हणालात, ऑल द बेस्ट." इरफानने हे कुठलाही राग न धरता सांगितलं. "घरी येऊन म्हणाला, मॅडम चांगल्या हैत. पर तिथं एकदाच इचारत्यात."

गंमत अशी, की घरी मी स्वतः तीनदा 'नको' म्हटल्याशिवाय कोणाकडे पाण्याचा पेला घेत नाही. नाशिकला माहेरी तेच, इथे सासरी तेच. हॉटेलच्या दारातून आत शिरताना चपला बदलतात तसं मी ते बाहेर काढून ठेवलं होतं, आणि माझ्यासोबत सगळ्यांना काढायला लावलं होतं. तळघरातल्या पडद्यावर एवढं सगळं होतं, त्यात एवढंच नव्हतं.

पण हे असं नीट शब्दांत मला त्या वेळी सुचलं नाही. तेव्हा मला फक्त दिसत होतं, की यांना आता "थांबा हो, नाश्ता करून जा" म्हटलं तर नऊ जण एका सुरात 'नको' म्हणणार. विनवण्या करायला मी किती जणांना पुरणार?

म्हणून मी उलटं केलं. "निघायचं तर निघा," मी उठत म्हटलं. "पण नाश्त्याला माझ्याकडे वाढायला माणसं कमी आहेत. गुरवकाका आज पाहुणे आहेत आणि साहेबही. तेवढं वाढून जा."

"मी पाहुणा?" काका म्हणाले.

"मी कॉफी घेतली आहे," साहेब म्हणाले.

"बसा, सर."

जेवायला नाही म्हणता येतं. दुसऱ्याला वाढायला नाही म्हणणारा माणूस मी त्या भागात अजून पाहिलेला नाही. मालनताईंनी पदर खोचला. इरफानने भिंतीवरच्या आरशात केस बघून घेतले. मी त्यांना एकच गोष्ट सांगितली, की समोरचा नको म्हणेल, ते 'नको' खरं की खोटं ते ओळखून दाखवायचं. चुकलं तर ताट तुम्ही घासायचं.

"सोपं हाय," मालनताई म्हणाल्या.

त्या पुऱ्या घेऊन काकांकडे गेल्या. काका आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले होते, आणि पाठीचा कणा त्यांनी सरळ ताठ ठेवला होता.

"पुरी?"

"नको."

"घ्या की."

"नको म्हटलं. पोट भरलंय."

"ताटावर हात धरलाय, पर बोटं उघडी ठेवलीत," मालनताईंनी जाहीर केलं, आणि त्या उघड्या बोटांच्या मधून पुरी आत सारली. काकांनी ती खाल्ली. मग आणखी दोन घेतल्या. सगळे टाळ्या पिटायच्या बेतात होते.

इरफानला चेव आला. तो शिरा घेऊन साहेबांकडे गेला.

"शिरा, साहेब?"

"नको."

"थोडासा?"

"नको म्हटलं ना."

इरफानने मान तिरकी करून त्यांचा चेहरा वाचला, मनाशी काही ठरवलं, आणि चांगला डावभर शिरा वाढला. साहेब त्या शिऱ्याकडे बघत राहिले.

"मला साखरेचा आजार आहे," ते म्हणाले.

इरफानचे कान लाल झाले. त्याने ताट उचललं, नवं आणून ठेवलं, आणि म्हणाला, "चुकलं, साहेब. तुमी चमचा बाजूला ठेवला होता. वाढायच्या आधी तिकडं बघायला पायजे होतं."

"हे ज्याच्या लक्षात आलं, त्याला पुढचं शिकवायला लागत नाही," साहेब म्हणाले. "घासणार आहेस ना ते ताट?"

"व्हय, साहेब."

"मालनताई, तुम्हीही हसू नका. काकांना तिसरी पुरी खरंच नको होती. ते तुमच्या भिडेनं खातायत."

काकांनी भरल्या तोंडाने मान हलवली. ते हो म्हणत होते की नाही, ते आजही कळलेलं नाही.

विशाखा यात कुठेच नव्हती. मी वळून पाहिलं तर ती खिडकीजवळच्या टेबलापाशी उभी होती. तिथे हुबळीकडचे एक वयस्कर पाहुणे एकटेच बसले होते, खरेखुरे पाहुणे. तिने त्यांना चहा विचारला असावा, कारण त्यांनी हात हलवून नको म्हटलं. आता ही दुसऱ्यांदा विचारणार आणि पुन्हा एक तक्रार येणार. पण ती काही न बोलता गेली, किटली आणि एक कप घेऊन आली, त्यांच्या हाताला येईल असं टेबलाच्या कडेला ठेवलं, आणि पाठ फिरवून चालायला लागली. ती चार पावलं गेली असेल. त्या गृहस्थांनी इकडे तिकडे पाहिलं आणि कप भरून घेतला.

काकांनी हे पाहिलं. तोंडातली पुरी गिळून ते मला हळूच म्हणाले, "ही पोरगी रिसेप्शनला वाया जाईल. मला द्या."

"आधी राहू दे तर तिला."

मग काका उठले. त्यांनी स्वतः नऊ ताटं मांडली आणि मालनताईंना बसायची खूण केली.

"नको, आता उशीर झाला," त्या म्हणाल्या.

काका पुरीचं ताट धरून उभेच राहिले.

"नको म्हटलं की, काका."

"ऐकलं," काका म्हणाले. "मी हितनं हलणार नाही."

त्या सकाळी पुऱ्या दोनदा लाटायला लागल्या. हुबळीचे गृहस्थ जाता जाता थांबून कौतुकाने बघत राहिले. मी दारातच उभी होते, कारण माझं अजून काहीच ठरलेलं नव्हतं. नाश्ता झाला, हात धुतले, इरफानने साहेबांचं ताट खरोखर घासून आणलं. मग तो लॉबीत गेला आणि त्याने आपली बॅग उचलली. मालनताईंनी त्यांची. त्यांच्या मागे बाकीचे. मी काही बोलणार नव्हते. दारापर्यंत सोडायला जायचं, एवढंच मनाशी म्हणत होते.

"मॅडम," इरफान म्हणाला, "ह्या ठेवायच्या कुठं?"

दिवाळीला त्या नऊ जणांतले आठ होते. नववा पोलीस भरतीत लागला आणि पेढे घेऊन आला, म्हणून त्याला गेलेला धरत नाहीत. त्या काळात मी फार काही केलं नाही. दर आठवड्याला प्रत्येकाला विचारायचे, काही अडचण? काही नाही, असं उत्तर आलं की बसून राहायचे आणि दुसरा प्रश्न विचारायचे. कोणाचे बूट चावत होते, कोणाला इंग्रजीत फोन घ्यायची धास्ती होती. रात्री सुटणाऱ्यांना कागलपर्यंत सोडायला भाजीचा टेम्पो जायला लागला, आणि त्यातून एके दिवशी सलीमही परत आला.

दिवाळीनंतर भालेराव साहेबांनी मला बोलावलं.

"खुर्ची राहील," ते म्हणाले. "पाहुण्यांची पहिली रात्रही राहील, दर तुकडीला. पण त्या रात्री तुम्ही इथे हजर पाहिजे. मागच्या वेळी तुम्ही घरी होतात म्हणून नऊ माणसं उपाशी झोपली."

म्हणजे शेवटी रात्र आलीच होती. एकच, पण आली. "सर, जुई माझ्याशिवाय..."

"एकट्या या असं कोणी म्हटलं? पाहुणे सहकुटुंब येतात."

तशी मी गेले. पुढच्या तुकडीच्या संध्याकाळी, कडेवर जुई आणि मागे सासूबाई. हॉटेलच्या अंथरुणाचा काय भरवसा म्हणून त्यांनी स्वतःची चादर आणली होती, आणि जेवणाचा काय भरवसा म्हणून दशम्या. नवी मुलं शेजारच्या टेबलांवर अवघडून बसली होती आणि जुने त्यांना वाढत होते. आमच्या टेबलाला इरफान होता.

"मी रात्रीचं खातच नाही रे बाबा," सासूबाईंनी त्याला बजावलं.

इरफानने त्यांच्या चमच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "आजी, भाताला तूप आहे, पर तुम्ही खात न्हाई म्हटल्यावर आता काय करणार." आणि तूप-भाताची वाटी तिथेच ठेवून गेला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर वाटी पुसल्यासारखी स्वच्छ होती. "वाया जाईल म्हणून," त्या म्हणाल्या. नवी मुलं हे सगळं बघत होती. मी तळघरात दिवे मालवून जे दाखवत आले, त्यापेक्षा ती त्या वाटीतून जास्त शिकली.

जुई मात्र कुरकुरायला लागली होती. मी तिला मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर करत होते. समोर ताट कधी आलं, कळलं नाही. विशाखाची पाळी संपली होती. ती जाता जाता आमच्या टेबलापाशी थांबली.

"राहू दे गं," मी तिने काही म्हणायच्या आतच म्हटलं. "ती कोणाकडे जात नाही."

विशाखाने विचारलंच नाही. तिने वाकून जुईला उचललं आणि चालायला लागली. जुईने आधी तोंड वाकडं केलं, मग तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीला हात घातला, आणि ती निघते का याचा शोध सुरू केला. दोघी माशांच्या काचेच्या टाकीपर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"गरम हाय तवर घ्या, मॅडम," इरफान म्हणाला.

जुई झाल्यापासून माझा डावा हात जेवताना कधी मोकळा नव्हता. मी भाकरी दोन्ही हातांनी मोडली, तेव्हा तिच्यातून वाफ आली. सासूबाईंनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. मी शेवटचा घास घेतला, तोवर इरफान दुसरी भाकरी घेऊन उभा होता. मी नको म्हणणार होते. त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि वाढली.